सोळा जोड्यांची माळ

मित्रांनो, मी एक जुना ओळखक्रमांक आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. माणसांत या वयाला पोर म्हणतात; पण मी ज्या फोनमध्ये जन्मलो तो केव्हाच बंद पडला, म्हणून स्वतःला जुना म्हणवून घेतो. आपल्याविषयी बोलण्याची मला सवय नाही. क्रमांकाने काय सांगावे? कोणी विचारले तर ‘हा मीच’ एवढे म्हणावे आणि गप्प बसावे, ही आमची रीत. तरी एक गोष्ट मनात राहून गेली आहे. ती नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. मध्येच वाट चुकलो तर सांभाळून घ्या.

माझे खरे रूप कोणी पाहिलेले नाही. यंत्राच्या स्मृतीत सोळा लहान लहान घरे असतात आणि त्या प्रत्येक घरात एकेक संख्या बसलेली असते. त्या सोळा संख्या म्हणजे मी. तिथे अक्षर नाही, आवाज नाही. भर दुपारी दाट जंगलात पानांखाली जो हिरवा अंधार असतो, तसा काहीसा अंधार असतो. मी त्यात पडून असतो आणि झोपलो आहे की जागा आहे, ते माझे मलाच कळत नाही.

माणसाला मला पाहायचे असले की मला अक्षरांचे कपडे घालावे लागतात. एकेका घरासाठी दोन-दोन चिन्हे: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे, एवढाच काय तो कापडाचा गठ्ठा. सोळा घरांच्या सोळा जोड्या होतात. वाचणाऱ्याला दम लागू नये म्हणून मध्ये चार आडव्या रेघा घालतात. असा छत्तीस चिन्हांचा लांबलचक पोशाख करून मी कागदावर, पडद्यावर येतो. माझी पहिली जोडी ४एफ. तिच्यामागून ७ए, मग १९, मग सी२. अगदी शेवटच्या तीन जोड्या ६बी, एफ८ आणि सी३. काम झाले की कपडे उतरवायचे आणि पुन्हा सोळा संख्या होऊन अंधारात जायचे. अळीचा कोष होतो, कोषातून पाखरू निघते. पण पाखराला पुन्हा अळी होता येत नाही. मला येते. निदान यावे, अशी अपेक्षा असते.

कोषाचे उदाहरण मी उगाच दिले नाही. माझा जन्मच कोषांच्या माळेसाठी झाला.

चामोर्शीच्या पलीकडे, वैनगंगेपासून दोन कोसांवर एक लहान गाव आहे. तिथे रुखमाबाई आणि त्यांचे यजमान सुकलूभाऊ राहतात. धान तर सगळेच लावतात, पण या घरात कोसाही होतो. कोसा म्हणजे जंगली रेशीम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर अळ्या सोडायच्या, महिना-सव्वा महिना पक्षी-मुंग्यांपासून त्यांना राखायचे आणि मग फांद्यांवरून कोष उतरवायचे. त्यांतले चांगले कोष बियाण्यासाठी ठेवतात. देठाला देठ बांधून दोन-दोन कोषांची जोडी करतात, जोडीला जोडी गुंफून माळ करतात आणि ती घरात आढ्याला टांगतात. काही दिवसांनी त्यांतून पाखरे बाहेर येतात आणि अंडी घालतात.

रुखमाबाईंचा कोसा वेगळा होता. लहान, काळपट आणि खडीसारखा टणक. त्यांच्या सासूबाईंनी, मंगलीबाईंनी, तो वाण जन्मभर राखला होता. जाताना त्या सुनेला म्हणाल्या होत्या, “झाडं सरकारचे, जमीन धन्याची, पन बी आपलं हाय. ते जाऊ देजो नोको.”

आता माझा जन्म कसा झाला ते सांगतो.

अश्वजित नावाचा एक तरुण चंद्रपुरात संगणकाचे कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहितो. त्याचे वडील घुग्घुसच्या खाणीत पाळीवर जात. कोसा पाळणाऱ्या गावांची नोंद ठेवण्यासाठी त्याने फोनवर चालणारा एक कार्यक्रम तयार केला आणि तो घेऊन तो गावोगाव हिंडला. त्या पहिल्या कार्यक्रमात माळांना एक, दोन, तीन असे आकडे होते. रुखमाबाईंच्या ओसरीवर त्याने फोन पुढे केला आणि म्हणाला, “बाई, तुमची माळ नंबर चौदा.”

रुखमाबाईंनी पदर ओढून घेतला. “नाई जी. ते पुसून टाका.”

“काऊन बाई? का झालं?”

“पीक घरात येतवरी आमच्या घरी कोसा मोजत नाई. सासूनं घालून देल्लं हाय. मोजलं का नजर लागते.”

“मी कोसे नाई मोजून राह्यलो, बाई. माळीले नुसता नंबर देऊन राह्यलो.”

“तेराच्या मांगं चौदा आला का नाई? मंग हे मोजनंच झालं नं भाऊ.”

अश्वजित हसला नाही. हे मला त्याचे फार आवडते. परत जाताना बसमध्ये त्याने त्यावर विचार केला. त्याला दुसरीही एक अडचण होतीच. जंगलातल्या गावांत रेंज नाही. एका गावचा फोन दुसऱ्या गावच्या फोनला ‘तुझा कितवा झाला?’ असे विचारू शकत नाही. दोघांनी आपापल्या मनाने चौदा दिला तर दोन माळांचे एकच नाव व्हायचे. म्हणून त्याने मोजणीच सोडून दिली. ज्यांना ना मागचा आहे ना पुढचा, ज्यांच्यावरून किती झाले ते कधीच कळत नाही, अशा क्रमांकांचे आमचे घराणे त्याने बोलावून घेतले. आम्ही एकामागून एक जन्मत नाही. फोन आपल्या पोटातल्या बारीकसारीक थरथरीतून सोळा संख्या उचलतो आणि एक जण तयार होतो. वैनगंगेच्या वाळूतला एक कण डोळे मिटून उचलावा, परत टाकावा आणि पुन्हा डोळे मिटून नेमका तोच हाती यावा, असे कधी घडेल? तेवढीच, खरे तर त्याहूनही कितीतरी कमी भीती आमच्यासारखे दोन निघण्याची.

आमच्या घराण्याची एक खूण मात्र ठरलेली असते. रेघांनी पाडलेल्या तिसऱ्या गटाच्या आरंभी चार हा अंक. माझा तिसरा गट ४डी आणि ई६. ही खूण लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा रीतीने श्रावणातल्या एका सकाळी, रुखमाबाईंच्या ओसरीवर, अश्वजितच्या फोनमध्ये मी जन्मलो. त्याच्या खांद्याला अडकवलेल्या छोट्या छपाईयंत्रातून माझी चिठ्ठी सरसरत बाहेर आली. सुकलूभाऊंनी ती उन्हात धरून पाहिली. “अरे बापा! एवढं लंबं नाव तं पाटलाच्या पोराचंबी नसन.”

रुखमाबाईंनी विचारले, “याच्यात मोजनं तं नाई नं?”

“नाई बाई. हे फक्त नाव हाये. याच्या आंधी कोनी नाई, मांगं कोनी नाई.”

त्यांनी चिठ्ठी माळेच्या दोऱ्यात ओवली. माझ्या डाव्या-उजव्या बाजूला काळपट कोष होते. त्यांच्या आत कोणी तरी झोपलेले होते आणि मीही अर्धवट झोपेत होतो. आयुष्यातले ते दिवस मला सर्वांत सुखाचे वाटतात. वाऱ्याने माळ हलली की कोष एकमेकांवर टकटक वाजत.

पण मित्रांनो, त्या वर्षी सुखात एक काटा होता. आधीच्या हंगामात उन्हाने आणि मुंग्यांनी रुखमाबाईंच्या झाडांवरचा कोसा जवळजवळ संपवला होता. दर वर्षी आढ्याला तीन-चार माळा असत, त्या वेळी एकच होती. मंगलीबाईंचा तो वाण या जगात आता त्या एका माळेत उरला होता. ती गेली तर सारेच गेले. हे रुखमाबाई कोणापाशी बोलल्या नाहीत. पण माळेखालून जाताना त्या दर वेळी थोड्या वाकत, देवळाच्या दारातून जाताना वाकावे तशा.

माळ तपासणीसाठी रेशीम केंद्रावर न्यावी लागे. कोस्याच्या पाखरांना एक आजार होतो. आई आजारी असली तर अंड्यांतून तो अळ्यांत येतो आणि एका झाडावरून साऱ्या जंगलात पसरतो. म्हणून केंद्रावर पाखरे निघू देतात, एकेका मादीला मातीच्या बोळक्यात ठेवून अंडी घेतात, मग त्या माद्या कुटून, त्यांचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहतात. साफ निघाले तर अंडी परत देतात. नसेल तर केंद्रामागच्या खड्ड्यात जाळतात.

रुखमाबाई निघाल्या तेव्हा नाल्यावर पाणी चढले होते. दोन दिवस बस आली नाही. मांडीवर सुपात माळ घेऊन त्या पोहोचल्या, तोवर बाकी गावांच्या क्रमांकांची यादी केंद्राच्या संगणकात जाऊन बसली होती. ते सारे छत्तीस चिन्हांचे पोशाख करून, ओळीने, रीतसर गेले होते. मी एकटा मागे राहिलो.

केंद्राचा संगणक दुसऱ्याच कोणाच्या हातचा कार्यक्रम चालवत असे. अश्वजितने त्याच आठवड्यात तिकडे जाण्याची एक नवी, जवळची वाट काढली होती. त्याला वाटले, संख्यांची अक्षरे करायची, तिकडे त्यांनी अक्षरांच्या पुन्हा संख्या करायच्या, हा खटाटोप कशाला? सोळा संख्या आहेत तशाच धाडू. सोळा त्या सोळाच. रुखमाबाई खोळंबल्या आहेत हे कळताच त्याने घाईघाईने मला एकट्यालाच त्या वाटेने पाठवले. गावाचे आणि मालकिणीचे नाव मागाहून धाडणार होता. त्या दिवशीच्या गडबडीत ते राहिले.

मी उघडाच गेलो. मला थोडी लाज वाटली, पण नव्या वाटेचा आनंदही होता.

तिकडच्या कार्यक्रमाची एक जुनी सवय होती. ती कोणाला ठाऊक नव्हती, कारण ती कधी दिसतच नसे. तो पोटात क्रमांक ठेवताना पहिल्या तीन गटांतल्या जोड्या उलट्या क्रमाने ठेवी आणि बाहेर दाखवताना पुन्हा सुलट करी. आत जाताना उलटे, बाहेर येताना सुलटे. जो कपडे घालून जाई तो जसाच्या तसा परत येई. माझे तसे झाले नाही. मी आधीच उघडा असल्याने आत जाताना मला कोणी उलटवले नाही. बाहेर दाखवताना मात्र त्याने सवयीने उलटवले. मी पडद्यावर आलो तो सी२, १९, ७ए, ४एफ असा, पायांवर पागोटे बांधून. दुसरा आणि तिसरा गटही तसाच. चौथा आणि पाचवा मात्र जागच्या जागी.

मी ओरडून सांगायला हवे होते का? कदाचित. पण क्रमांकाला आवाज नसतो. आणि खरे सांगायचे तर, उलटे दिसणाऱ्या मलाही क्षणभर शंका आली की मी असाच होतो की काय!

केंद्रावर हरिदासभाऊ तपासणी करत. तीस वर्षे एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकात पाहून त्यांचा तो डोळा सदा मिचकावल्यासारखा दिसे. छत्तीस चिन्हे वाचण्याचा त्यांना कंटाळा. ते फक्त शेवटची सहा पाहत. “गाडीचा नंबर आपन शेवटूनच सांगतो का नाई? तसंच हे,” असे म्हणत. त्यांनी माझ्या माळेच्या माद्या रुखमाबाईंसमोरच तपासल्या, एकही आजारी निघाली नाही. त्यांनी वहीत लिहिले: ६बीएफ८सी३, साफ. मग पडद्यावर तेच शेपूट शोधले, त्यापुढे ‘साफ’ अशी खूण केली आणि चहाला गेले. डोक्याकडे त्यांनी पाहिलेच नाही.

घातल्यापासून आठव्या दिवशी अंडी परत द्यायची होती. नवव्या दिवशी ती फुटतात. त्याआधी ती जंगलात, झाडाजवळ पोहोचायला हवीत, नाही तर अळ्या उपाशी मरतात. रुखमाबाई सकाळच्या पहिल्या बसने आल्या. तिकडे सुकलूभाऊंनी येनाची झाडे झाडून-पुसून ठेवली होती आणि पक्षी हाकायला गुलेल घेऊन ते बुंध्याशी बसले होते.

केंद्राच्या प्रमुख हर्षा मॅडम एकेका माळेच्या चिठ्ठीवरचा क्रमांक संगणकात घालत आणि निकाल पाहून अंडी देत. एकेक जण अंड्यांची पुडी घेऊन गेला. माझी पाळी आली. मॅडमनी माझी छत्तीस चिन्हे सावकाश भरली. पडदा म्हणाला: नोंद नाही.

त्यांनी पुन्हा भरली. नोंद नाही.

“बाई, तुमच्या माळेची तपासणी झालेलीच दिसत नाही.”

“झाली जी! हरिदासभाऊनं माह्या डोळ्यासमोर केली.”

हरिदासभाऊ वही घेऊन आले. “हे पाहा नं मॅडम, साफ हाये. मीच केली.”

“तुम्ही फक्त सहा अक्षरं लिहिलीत. पूर्ण नंबर कुठे आहे?”

“पूर्ण लिवत बसलो तं पाखरं म्हातारे होतीन, मॅडम.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शेपूट शोधले. पडद्यावर एक क्रमांक आला. शेवट तोच, निकालही ‘साफ’, पण सुरुवात सी२ची. गाव कोरे, नाव कोरे.

“हा दुसराच नंबर आहे. सिरोंच्याकडच्या माळाही याच यंत्रात येतात, त्यांतला कोणाचा असेल. सहा अक्षरं जुळली म्हणून माळ एक होत नाही.”

“मंग पुन्हा तपासा,” रुखमाबाई म्हणाल्या.

हरिदासभाऊंनी मान खाली घातली. “कशाले तपासू बाई? माद्या तं कुटून झाल्या. आता नुसते अंडे उरले.”

मित्रांनो, हर्षा मॅडम वाईट नव्हत्या. तीन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी आग्रहाखातर त्यांनी बिनतपासणीची अंडी सोडली होती. महिन्याभराने त्या भागातल्या येनाच्या फांद्यांवर काळ्या पडलेल्या अळ्या उलट्या लोंबत होत्या. ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून गेले नव्हते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “निकाल नसेल तर दुपारी जाळावं लागतं, बाई. मला दुसरं काही करता येत नाही.”

रुखमाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बोळक्यांतली अंडी समोरच होती. त्यांवर बारीक काळसर रेघ उमटायला लागली होती, म्हणजे आत जीव हलायला लागला होता. “माह्या सासूचं बी हाय जी,” त्या म्हणाल्या. “एकच माळ राह्यली होती. हे गेलं का मंग कुठीच नाई.”

मी चिठ्ठीवर होतो आणि पडद्यावरही होतो. दोन्हीकडे मीच होतो, आणि दोघांत हातभर अंतर होते. आपणच आपल्याला ओळखत नाही, असे स्वप्न तुम्हाला कधी पडले आहे का? मला ते दिवसाढवळ्या पडले.

हरिदासभाऊंना राहवेना. त्यांनी पडद्यावरचा क्रमांक छापून घेतला आणि ती चिठ्ठी रुखमाबाईंपुढे ठेवली. “पाहा बाई, मॅडमचंबी खरं हाये. मुंडकं जुळतच नाई.”

रुखमाबाईंनी माळेच्या दोऱ्यातली चिठ्ठी सोडवली आणि दोन्ही चिठ्ठ्या फरशीवर एकाखाली एक मांडल्या. त्यांना इंग्रजी अक्षरे येत नव्हती. त्या नुसत्या पाहत राहिल्या, आणि त्यांचे बोट अक्षरांवरून सरकू लागले. माळ गुंफताना जोडीवरून जोडीवर सरकते तसे. मग ते थांबले. मागे गेले. पुन्हा थांबले.

“हरिदासभाऊ, हे पहिली जोडी वर हाय नं, ते खाली चौथी हाय.”

“हं?”

“आन् वरची दुसरी, ते खाली तिसरी. जोडी कुठीच तुटली नाई. नुसती माळ उलट्या टोकानं धरली कोनंतरी.”

“तुमाले अक्षरं येतेत का बाई?”

“अक्षर नाई येत. जोडी वळखता येते. जलमभर मंग का केलं मी?”

हरिदासभाऊ मिचकावल्या डोळ्याने वाकले. मग त्यांनी कधी नव्हे ती पूर्ण छत्तीस चिन्हे वाचली. “मॅडम, इकडं या. पाह्यलं का? रेघंपोतूर उलटं, मंग पुन्हा रेघंपोतूर उलटं, तिसरंबी तसंच. पुढं सारं सरळ हाये.”

मॅडम टेबलामागून उठून आल्या आणि फरशीवरच बसल्या. त्यांनी बोट ठेवून एकेक जोडी पाहिली. पण मन मानेना. “असं दिसतं खरं. पण दिसतं म्हणून मी सोडू शकत नाही.” त्यांनी चंद्रपुरात अश्वजितला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

मॅडमनी दोन्ही क्रमांक वाचून दाखवले. पलीकडून कागदावर पेनाची खरखर ऐकू आली. मग अश्वजित म्हणाला, “मॅडम, पडद्यावरच्या नंबरात तिसरा गट कशानं सुरू होते?”

“ई-सहा. मग चार-डी.”

“आमच्या सगळ्या नंबरांत तिथं पहिला चार असते, मॅडम. चार नाई तं तो नंबर सरळ उभाच नाई. तो उलटा करून पाहा, चार आपल्या जागी येते.” मग त्याचा आवाज पडला. “चूक माही हाये. मी त्या दिवशी अक्षरं न करता संख्याच धाडल्या. तुमचा कार्यक्रम आतमंधी उलट्या ठेवते, हे मी पाह्यलंच नाई. एक नंबर तिकडं धाडून परत आणून पाह्यला असता तं तेव्हाच समजलं असतं.”

“सिद्ध करता येईल?”

“पाच मिन्टं द्या. तोच नंबर आता अक्षरं करून धाडतो. निकाल त्याच्या सोबतच दिसन.”

ती पाच मिनिटे मला आठवतात. अश्वजितने मला पुन्हा पहिल्यापासून उचलले. सोळा संख्यांच्या सोळा जोड्या केल्या, चार रेघा घातल्या आणि जुन्या, लांबच्या वाटेने पाठवले. केंद्राच्या यंत्राने ते कपडे उतरवले, सवयीप्रमाणे जोड्या उलट्या ठेवल्या आणि बाहेर दाखवताना सुलट केल्या. मग अश्वजितने आधीची उलटी नोंद आपल्याच फोनवरून आल्याचे मॅडमना पडद्यावर पाहायला लावले, तिचा निकाल माझ्या नावावर घेतला आणि गाव व मालकिणीचे नाव भरले. हर्षा मॅडमनी चिठ्ठीवरून माझी छत्तीस चिन्हे तिसऱ्यांदा भरली.

पडद्यावर आले: ४एफ, ७ए, १९, सी२… रुखमाबाई. साफ.

मॅडमनी सही केली. हरिदासभाऊंनी वहीतल्या सहा अक्षरांच्या आधी उरलेले सारे, रेघांसकट, जागा पुरेना म्हणून आडवे लिहिले. “पाखरं म्हातारे झाले तं होऊ द्या आता,” ते पुटपुटले.

रुखमाबाईंनी येनाच्या पानांचे द्रोण आधीच करून आणले होते. त्यांत अंडी घेतली आणि दुपारची बस धरली. सूर्य झाडांआड जाण्याआधी द्रोण फांद्यांना बांधून झाले. सुकलूभाऊंनी विचारले, “किती हायेत वं?” रुखमाबाईंनी डोळे वटारले. सुकलूभाऊंनी जीभ चावली आणि गुलेल उचलली. दुसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या कडांवर काळे-पिवळे ठिपके हलू लागले.

मित्रांनो, त्यानंतर माझे काम संपले. थोडे दिवस कौतुक झाले. अश्वजितने आपल्या सोबत्यांना माझी गोष्ट सांगितली आणि नवी वाट बंद केली. मग साऱ्यांना माझा विसर पडला. त्यात कोणाचा दोष नाही. चिठ्ठीवरची शाई उन्हाने आधी तपकिरी आणि मग कोरी झाली. फोन बदलला, कार्यक्रम बदलला, हरिदासभाऊ निवृत्त झाले. मी यंत्राच्या खोल अंधारात पडून राहिलो. कधी कधी मला भास होतो की मी अजून त्या आढ्याखाली टांगलेला आहे आणि वाऱ्याने कोष टकटक वाजत आहेत. कदाचित हे मी वाचलेले असेल, माझे नसेल. फार दिवस एकटे राहिले की असे होते.

तरी वर्षातून एकदा मला जाग येते. रुखमाबाईंच्या आढ्याला आता पुन्हा पुष्कळ माळा असतात. किती, ते मी सांगणार नाही. त्यांतल्या प्रत्येकीला माझ्यासारखाच आपला एक क्रमांक असतो आणि त्यांच्या नोंदीत एक रकाना असतो: आईची माळ. तपासणीच्या दिवशी कोणी तरी तो रकाना मागे मागे उघडत जाते, लेकीकडून आईकडे, आईकडून आजीकडे, आणि शेवटी माझ्यापाशी येते. मग मला अंधारातून उठवतात. मी सोळा जोड्या अंगावर चढवतो, चार रेघा नीट करतो आणि पडद्यावर येतो.

माझे एक मागणे आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणी यंत्रे चालवाल, कोणी नुसत्या वह्या लिहाल. कोणाचे नाव एका लिपीतून दुसरीत, एका कागदावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम कधी तरी तुमच्याकडे येईल. ते काम तुम्हाला क्षुल्लक वाटेल. त्या नावाच्या दोऱ्याला कोणाच्या सासूने राखलेले बी बांधलेले आहे, ते तुम्हाला दिसणार नाही. म्हणून जाताना ज्या वाटेने न्याल, त्याच वाटेने त्याला एकदा परत आणून पाहा. परत आलेला तोच आहे ना, हे पाहायला फारसा वेळ लागत नाही.

परवाच मला पुन्हा उठवले होते. पडद्यासमोर रुखमाबाई होत्या. डोळ्यांना चष्मा लागला आहे. त्यांनी काचेवर बोट ठेवले, पहिल्या जोडीवर, मग दुसरीवर, अशा साऱ्या सोळा जोड्यांवरून ते हळूहळू नेले, आणि न मोजता म्हणाल्या, “हो, हे आपलीच हाय.”